मंगळवारची माफी

१

सोमवारी दुपारी ती माहेरी गेली तेव्हा बाबा पलंगावर आडवे पडून पंख्याशी वाद घालत होते. पंखा दर तिसऱ्या फेरीला कुरकुरायचा आणि बाबा दर कुरकुरीला "हो, कळलं" म्हणायचे.

"या, तपासणीस बाई. आज कुणाचं घर जळलं?"

"गोदाम. उंदरांनी वायर कुरतडली म्हणे."

"उंदरांचा जबाब घेतलास?"

विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायचं तिचं काम. माणसं काय सांगतात आणि जळक्या भिंती काय सांगतात, यातलं अंतर मोजायचं. ती राहायची दोन रस्ते पलीकडे, पण माहेरी यायची ती अशी, दोन कामांच्या मधल्या फटीत.

बाबांची चौतीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, गुडघे करतात. बाबा रोज सकाळी आसपासच्या पाच नळांचं पाणी तपासायचे. काचेच्या नळीत पाणी, त्यात एक गोळी. क्लोरीन असेल तितकं पाणी गुलाबी होतं. नसेल तर स्वच्छ पांढरं राहतं, आणि तेच वाईट. मग फोनवर 'आजचं पाणी' या पानावर पाच आकडे टाकायचे. एक विशेषण नाही, की एक उद्गारचिन्ह नाही. अकरा हजार लोक ते पान बघायचे.

मागच्या गुरुवारी पाचांतले दोन आकडे शून्य आले. बाबांनी लिहिलं, "मागच्या बाजूच्या दोन नळांना क्लोरीन शून्य. पाणी उकळून प्या." संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याच पोस्टचा स्क्रीनशॉट काढून खाली जोडलं, 'पाण्यात विष, चाळीस मुलं दगावली', आणि ते वणव्यासारखं पसरलं. बाबांनी लगेच लिहिलं, "हे माझं नाही. पाण्यात विष नाही. क्लोरीन नाही." ते मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. शुक्रवारी पाणी खात्यानं पत्रक काढलं, की हे पान अफवा पसरवतं. विष आणि शून्य, दोन्ही एकाच दावणीला बांधली.

"बाबा, मला शनिवारी फोन आला होता," ती म्हणाली. "खात्याच्या माहिती अधिकाऱ्याचा."

"तुला? मला नाही आला तो."

"फार गोड बोलत होता. वडिलांची काळजी घ्या म्हणाला. मग म्हणाला, तुमच्या परवान्याचं नूतनीकरण याच आठवड्यात आहे, नाही का?"

बाबा उठून बसले. "त्याचा काय संबंध तुझ्या परवान्याशी?"

"तेच ना. बाबा, तेवढी गुरुवारची एक पोस्ट काढून टाका. बाकी चालू द्या."

"तारीख कधी आहे?"

"बुधवारी."

"हं." बाबांनी वर पाहिलं. "ह्याला तेल घातलं पाहिजे."

ती निघाली तेव्हा बाबा स्टुलावर चढले होते आणि आई खालून स्टूल घट्ट धरून त्यांना खरपूस बोलत होती. दारातून तिला दिसले ते बाबांचे दोन पाय, टाचा किंचित उचललेल्या. तेच शेवटचे.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी 'आजचं पाणी'वर एक पोस्ट आली. नऊ चाळीसला आई बाजारातून परतली, तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. फोन मांडीवर, मान कलती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले; त्यांना कसलीच शंका नव्हती. ती पोस्ट तिला दिसली दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना.

"गुरुवारची माझी नोंद चुकीची होती. वयोमानाने माझ्या नजरेला फिकट गुलाबी रंग ओळखता येत नाही. त्यामुळे रंग असूनही मी शून्य लिहिले. पाणी पिण्यायोग्य आहे. खात्याची आणि सर्वांची माफी मागतो."

गुरुवारची पोस्ट पानावरून गेली होती.

तिनं ते दोनदा वाचलं आणि फोन दादाच्या हातात दिला.

"हे बाबांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

२

पुढच्या सात दिवसांत दोन गोष्टी झाल्या. मागच्या इमारतीतली तेरा माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. त्यांतली दोन मुलं सलाईनवर होती. "आजोबांनीच लिहिलं ना पाणी चांगलं आहे, मग गॅस कशाला जाळायचा," असं एकीनं जिन्यात ऐकवलं, आणि ते आईच्या कानावर गेलं. दुसरं म्हणजे फोनाफोनांतून बाबांचे दोन बाबा झाले. अर्धे लोक म्हणत होते, म्हातारा लबाड होता, शेवटी कबूल झाला. उरलेल्या अर्ध्यांनी काळ्या चौकटीत त्यांचा फोटो घालून खाली लिहिलं होतं, 'पाणीवाल्या आजोबांचा काटा काढला, खातं हॅक करून खोटी माफी टाकली.'

दुसरं तिला बरं वाटायचं. बरं वाटतं म्हणून ती सावध झाली.

तिला काम शिकवणारे एक जुने साहेब होते. ते म्हणायचे, फायदा कुणाचा झाला हे शेंबडं पोरही विचारतं. आपण विचारायचं, हे खोटं वाचवतंय कुणाला?

आईनं बाबांच्या अंगावरचं सगळं एका डब्यात ठेवलं होतं. चष्मा, पेन्सिलीचं थोटूक, आणि सदऱ्याच्या खिशातला एक कागद. त्यावर बाबांच्या अक्षरात एक ते चोवीस आकडे ओळीनं, बाकी काही नाही.

"हे कशाचं?"

"ठाऊक नाही. आणि चपला. पायात बाहेरच्या चपला होत्या गं. आयुष्यात कधी चपला घालून खिडकीपर्यंत आले नाहीत. मी पन्नास वर्षं फरशी पुसली ती काय उगीच?"

मग वही. तारीख, वेळ, पाच आकडे. मंगळवार, साडेसात: शेवटचे दोन आकडे शून्य, शून्य.

साडेसातला बाबांनी शून्य लिहिलं आणि नऊ दहाला 'पिण्यायोग्य'? चौतीस वर्षं नाकासमोर चालणारा माणूस पावणेदोन तासांत असा वळेल?

"आई, रंग बघायला त्यांना खरंच त्रास व्हायचा का?"

"मोतीबिंदू होता की. सगळं पिवळट दिसायचं. दोन वर्षं झाली."

"म्हणजे पोस्टमध्ये लिहिलंय ते..."

"पण रंग हे बघतच नव्हते," आई म्हणाली. "मी बघत होते."

तिनं वही खाली ठेवली.

"या खिडकीत, उजेडाकडे तोंड करून. हे तिकडे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, पेन्सिल घेऊन. नंबर सांग म्हणायचे, मत सांगू नकोस. दोन वर्षं एकही नळी त्यांनी डोळ्यांनी जोखली नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलंच नाही. घरातल्या बायका काय करतात ते कुठे कोण विचारतं?"

बाबांची नजर अधू होती हे खरं. पण ती नजर कामावर नव्हतीच. ज्यानं कुणी ही माफी लिहिली होती, त्याला या स्वयंपाकघरात सकाळी साडेसातला काय चालतं ते माहीत नव्हतं.

आणि हे माहीत नसलेली, तरी त्या पानावर हात टाकू शकणारी माणसं तिच्या हिशोबी तीनच होती. त्यांतला एक तिचा सख्खा भाऊ.

३

दादा सरकारी नोंदणी कार्यालयात खिडकीवर बसायचा. आईबाबांबरोबरच राहायचा, पण सातला घर सोडायचा. बाबांचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं. पासवर्ड त्याला पाठ होता. मधल्या सुट्टीत ती त्याला कार्यालयाच्या जिन्याखाली भेटली.

"तू माझी चौकशी करतेयस?" दादानं डबा उघडता उघडता विचारलं.

"हो."

"कर. तीन प्रतींत अर्ज दे, मग उत्तर देतो."

"दादा, नऊ दहाला कुठे होतास?"

त्याचं हसू मावळलं. त्यानं तिला वर नेलं आणि नोंदवही समोर टाकली. मंगळवारी नऊ ते अकरा, एकोणतीस कागद, प्रत्येकावर त्याची सही आणि वेळेचा शिक्का. नऊ सात, नऊ अकरा, नऊ पंधरा. फोन त्या वेळेत कपाटात बंद. कपाटाची किल्ली वरिष्ठांकडे.

"झालं समाधान?"

"तुला फोन आला होता का? खात्यातून?"

दादानं पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "शनिवारी. इतका गोड माणूस मी जन्मात ऐकला नाही. म्हणाला, तुमच्या बदलीची यादी निघतेय, सीमेकडची दोन ठिकाणं रिकामी आहेत, वडिलांना या वयात एकटं कसं टाकणार."

"मग तू बाबांना सांगितलंस?"

"बाबांना? मी दहावीचा निकाल अजून त्यांना धड सांगितलेला नाही." मग हळू म्हणाला, "नाही सांगितलं. कुणालाच नाही. म्हटलं, झाली बदली तर झाली. त्यांच्यासमोर जाऊन 'माझ्यासाठी गप्प बसा' कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

तिनं नोंदवही मिटून त्याच्याकडे सरकवली.

"एक मात्र नशीब," दादा म्हणाला. "गोळ्यांची मुदत संपली होती असं नाही लिहिलं कुणी. गोळ्या मीच आणून द्यायचो. डब्यावरची तारीख बघून, शपथेवर सांगतो, पण कोणी विश्वास ठेवला असता? चढलोच असतो फासावर."

ती जिना उतरायला लागली तेव्हा तो मागून म्हणाला, "तुलाही आला होता का गं फोन?"

"आला होता," ती म्हणाली आणि थांबली नाही.

४

मास्तर मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. बाबांचे बालमित्र, मागच्या दोन नळांचं पाणी रोज पहाटे बाटल्यांत भरून तेच आणून द्यायचे. पानाची दुसरी चावी त्यांच्याकडे असायची, म्हणजे बाबांसारखंच तेही त्यावर लिहू शकत; शनिवारी भांडून पान सोडलं म्हणे, पण तिनं ते तपासलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी पत्रपेट्या होत्या. सवयीनं तिनं त्या मोजल्या आणि पायरीवरचा पाय तसाच राहिला. चोवीस.

बाबांना इथे यायचं होतं. घरोघर. कशाला?

"ये पोरी," मास्तर म्हणाले. "मीच येणार होतो. रविवारी सकाळी खाली सभा ठेवली आहे. तू बोलायचंस."

"काय बोलू?"

"खातं हॅक केलं. माफी खोटी. खोट्या माफीच्या धक्क्यानं माझे वडील गेले."

"पुरावा?"

"विषाच्या अफवेला कुणी पुरावा मागितला होता?"

"ती अफवा तुम्हाला चालली असती, मास्तर?"

"चालली असती! हाच तर त्याचा नि माझा वाद." ते खुर्चीत पुढे सरकले. "त्याला म्हटलं, अरे, दोन वर्षं आकडे टाकतोयस, कुणी हललं का? एक विष शब्द आला आणि अख्खं खातं हललं. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस, खोटं का असेना, कामाचं आहे. तर मला म्हणाला, तू वर्गात नकाशाही असाच शिकवायचास का, सोयीची नदी सोयीच्या गावातून?"

"म्हणून भांडून पान सोडलंत?"

मास्तरांनी नजर वळवली. ती वाट पाहत राहिली. जळक्या दुकानात मालक असाच गप्प होतो, आणि मग बोलतो.

"शुक्रवारी रात्री मला फोन आला," ते म्हणाले. "नातीच्या पासपोर्टची चौकशी अडली आहे म्हणे. तिला शिकायला जायचंय. मी सकाळी उठून पानावरून नाव काढलं. त्याला सांगितलं, मतभेद. खरं कारण सांगितलं नाही."

"का नाही?"

"कारण मी त्याला साठ वर्षं ओळखतो! त्याच्यावर दडपण आणा, ढिम्म हलायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण दुसऱ्याच्या पायात काटा गेला की हा लंगडायचा. नातीचं सांगितलं असतं तर त्यानं त्याच क्षणी पोस्ट काढली असती, आणि मला ते पाप नको होतं."

तिनं पान उघडून पाहिलं. मास्तर खरं बोलत होते. शनिवार सकाळपासून पानाला एकच चावी होती, बाबांची.

"आणि बघ," मास्तर तिला दारापर्यंत सोडायला आले, "लिहिणाऱ्याला अक्कल असती तर बाटल्यांवर ढकललं असतं. मास्तरानं बाटली नीट विसळली नाही, की काम फत्ते. मला नाव ठेवायची एवढी चांगली संधी सोडली गाढवानं."

जिना उतरताना तिला वाटलं, हे वाक्य आपण आज दुसऱ्यांदा ऐकतो आहोत.

५

माहिती अधिकाऱ्याची खोली थंड होती. टेबलावर बंद बाटल्यांची रांग. पाणी खात्याच्या कचेरीत, विकतचं पाणी.

"घ्या ना, मॅडम," तो म्हणाला. तरुण, नीटनेटका, डोळ्यांत खरोखरची सहानुभूती. "वडिलांचं ऐकून फार वाईट वाटलं."

"नळाचं नाही पीत तुम्ही?"

"इथला नळ जरा लांब आहे."

"ती माफी तुम्ही लिहिलीत?"

तो दुखावल्यासारखा झाला. "मॅडम, आम्हाला पोस्ट काढायची असती तर ॲपच्या कंपनीला लेखी कळवलं असतं. मग पानावर पाटी दिसते, 'सरकारच्या सांगण्यावरून हटवले'. अशी पाटी लागली की दहापट लोक वाचतात. आम्ही वेडे आहोत का? आम्ही कुणाला काही काढायला सांगत नाही. विनंती करतो."

"बाबांना केलीत विनंती?"

"कधीच नाही. त्यांच्या फोनची यादी बघा. खात्यातून एकही फोन नाही."

ती यादी तिनं पाहिली होती. तो खरं बोलत होता, आणि तिला तेच खटकत होतं.

"मग कुणाला केलीत?"

"त्यांची ज्यांना काळजी आहे त्यांना. तीनच फोन केले मी. वडीलधाऱ्या माणसाला परक्यानं सांगण्यापेक्षा घरच्यांनी सांगितलेलं बरं. बळजबरी नाही, धमकी नाही. ज्याला वाटलं त्यानं सांगावं." तो उठून उभा राहिला. "आणि हो, अभिनंदन. परवान्याचं काम मंगळवारीच झालं ना?"

तिला ते माहीत नव्हतं. आठ दिवसांत तिनं कामाची एकही ईमेल उघडली नव्हती. कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून तिनं शोधलं.

मंगळवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. 'आपला परवाना पुढील तीन वर्षांसाठी नूतनीकृत करण्यात येत आहे.'

एक दिवस आधी. माफीनंतर पंचावन्न मिनिटांनी.

६

आई स्वयंपाकघरात बसली होती. नळ्या धुवून कापडावर पालथ्या घातल्या होत्या. मास्तर अजूनही रोज बाटल्या आणून देत होते आणि आई रोज आकडे वहीत लिहीत होती. पानावर टाकणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

"काही लागलं हाताला?" आईनं विचारलं.

"लागेल असं वाटतंय." ती समोर बसली. "आई, मला सांग, आकडा चुकायचा तर कुठे कुठे चुकू शकतो?"

"बाटली खराब असली तर."

"म्हणजे मास्तर चुकले."

"गोळी जुनी असली तर."

"म्हणजे दादा."

"रंग बघताना."

"म्हणजे तू." ती थांबली. "आणि बाबा फक्त लिहायचे. साखळीतला एकच दुवा त्यांचा, आणि तो चुकणारा नव्हता. माफी मागायची तर चूक दाखवायला हवी. आणि जी दाखवावी ती कुणाच्या तरी अंगावर जाते. म्हणून जी चूक होऊच शकत नव्हती तीच लिहिली. जी नजर कामावर नव्हती तिच्यावर घेतलं."

आईनं कापडाचं टोक सरळ केलं.

"मी समजत होते लिहिणाऱ्याला काहीच माहीत नाही. उलट आहे. त्याला सगळं माहीत होतं. कोण बाटली भरतं, कोण गोळ्या आणतं, कोण रंग बघतं. सगळ्यांना वाचवून लिहिलंय ते. असं लिहिणारा एकच माणूस होता."

"हं," आई म्हणाली. अगदी बाबांसारखं.

"आणि चपला. पाणी चांगलं आहे असं लिहिलं आणि मग चपला घालून मागच्या इमारतीत चोवीस घरांत तोंडी सांगायला निघाले होते, उकळून प्या म्हणून. लिहिलेलं खात्यासाठी, बोललेलं माणसांसाठी. खुर्चीत दम खायला बसले असतील."

"एवढं तुला कळलं," आई म्हणाली, "मग पुढचंही कळलं असेल."

कळलं होतं. जिन्यात, दादाच्या प्रश्नाला पाठ दाखवली तेव्हाच कळायला सुरुवात झाली होती. ती एवढे दिवस काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होती. फोन तीन झाले. दादा गप्प बसला. मास्तर गप्प बसले, वर भांडणाचा आळ घेतला. बाबांच्या कानापर्यंत एकच फोन पोचला.

"मी पोचवला," ती म्हणाली. "त्यानं नुसतं दाराशी आणून ठेवलं होतं, आई. आत मी नेलं."

आईनं एक नळी उचलली, उजेडात धरून पाहिली, परत ठेवली.

"सोमवारी पंख्याला तेल घालून खाली उतरले आणि म्हणाले, नळ पाच आहेत, मुलगी एकच. मी म्हटलं, लिहू नका असलं काही. रागानंच मी बाजारात गेले मंगळवारी. येताना कोपऱ्यावर फोनमध्ये वाचलं."

"म्हणजे तुला त्याच दिवशी माहीत होतं? मग मला का फिरवलंस आठवडाभर?"

"तू खुनी शोधत होतीस," आई म्हणाली. "त्या नादात दोन घास पोटात जात होते तुझ्या. मला तेवढं पुरे होतं."

आईनं नळ्या कापडात गुंडाळून ठेवल्या. मग आई म्हणाली, "रविवारी मास्तर तुला बोलायला उभं करणार आहेत. हॅकचं बोललीस तर ह्यांचं नाव धुऊन निघेल. कुणी विचारायला येणार नाही. मीही नाही."

७

रविवारी सकाळी आठला मागच्या इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, दीडशे माणसं उभी होती. दोन गाड्यांच्या मध्ये मास्तरांनी स्टूल ठेवलं होतं आणि कुणाचा तरी गाण्याचा स्पीकर आणला होता. मागे एका फलकावर काळ्या चौकटीतले बाबा. त्या फोटोत ते हसत नव्हते. ओळखपत्रासाठी काढलेला फोटो होता.

"मोठ्यानं बोल," मास्तर तिच्या कानाशी म्हणाले. "पहिल्याच वाक्यात 'हॅक' येऊ दे. फोन धरून उभे आहेत सगळे."

दादा गर्दीतून वाट काढत आला. त्याला आदल्या संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं होतं.

"अजून विचार कर," तो पुटपुटला. "परवाना देणारे काढूनही घेतात. आणि लोक तुला फाडून खातील. हॅक म्हण, नाही तर काहीच म्हणू नकोस. बाबांनी एवढं केलं ते तू वाचावीस म्हणून ना?"

"हो," ती म्हणाली. "तिथेच चुकलं त्यांचं."

बाजूच्या भिंतीला टेकून खात्याचा तो तरुण अधिकारी उभा होता, हातात विकतची बाटली. त्यानं तिला मान लवून नमस्कार केला. तिनंही केला. पहिल्या रांगेत एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मुलाच्या मनगटावर सुईची पट्टी अजून होती. जिन्यात तसं ऐकवणारी हीच, तिनं ताडलं.

मास्तरांनी माईक हातात दिला. दीडशे फोन वर झाले.

"आज सकाळी साडेसातची नोंद," ती म्हणाली. "मागच्या दोन नळांना क्लोरीन शून्य. रंग माझ्या आईनं पाहिला आहे, गुरुवारीही तिनंच पाहिला होता. पाणी उकळून प्या. आता ऐकायचं नसेल तर जा, पण तेवढं करा."

कुणी गेलं नाही.

"माझ्या वडिलांचं खातं कुणी हॅक केलं नाही. मंगळवारची माफी त्यांनीच लिहिली."

मागे मास्तरांनी "अगं—" म्हटलं. गर्दीतून कुणी ओरडलं, "मग लबाडच की!" कडेवरच्या मुलाची आई ओरडली नाही. ती फक्त बघत होती, आणि ती बघत होती म्हणून पुढचं बोलता आलं.

"माफी खोटी होती. त्यांना माहीत होतं. ती खोटी माफी तुम्ही खरी मानलीत आणि तुमची मुलं आजारी पडली. त्याचा दोष त्यांचा आहे, आणि त्यांच्याआधी माझा आहे. त्या गृहस्थांनी," तिनं भिंतीकडे हात केला, "तीन माणसांना फोन करून गोड शब्दांत घाबरवलं. दोघं घाबरूनही गप्प राहिले. तिसरी मी. मी वडिलांकडे गेले आणि म्हटलं, माझ्या परवान्यासाठी ती पोस्ट काढा. त्यांनी एका शब्दानं मला विचारलं नाही की अगं, आकडा खरा आहे की खोटा, तुला काय वाटतं?"

माईकमध्ये तिचा श्वास ऐकू आला. तिनं माईक तोंडापासून थोडा लांब धरला.

"विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. मी त्यांचं पान रोज बघायचे, न चुकता, उठल्या उठल्या, आणि त्यांना कधी कळू दिलं नाही. गुरुवारी मी शून्य वाचलं आणि त्या मिनिटाला माझ्या घरी गॅसवर पाणी ठेवलं. शुक्रवारी उकळलं, शनिवारी उकळलं. सोमवारी सकाळी पाणी उकळून, गाळून, बाटली भरून मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांना म्हटलं, तेवढी एक पोस्ट काढून टाका. बाबा, तुमचा आकडा खरा होता. माझा त्याच्यावर विश्वास होता. पहिल्या दिवसापासून होता."